काटा बरोबर होता

त्या दिवशी मी काटा बंद केला ही माझी चूक होती. ते आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला शोधत बसायला नको.

मी मापाडी आहे. जवळा बाजार गावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडत दुकानापुढे एकवीस वर्षं माल मोजतो. सोयाबीन, तूर, हरभरा, उन्हाळ्यात हळद. पूर्वी तराजू होता, आता लोखंडी पाट्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. हमाल कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, पाट्यावर ठेवतात, खांबावरचा लाल आकडा थांबतो, मी तो मोठ्याने म्हणतो आणि वहीत मांडतो. कट्टे मोजताना पहिल्याला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. ही जुनी रीत आहे, मी ती वडिलांकडून घेतली.

शेतकरी मापाड्यावर विश्वास ठेवत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी शेतकरी असतो तर मीही ठेवला नसता. म्हणून मी रोज सकाळी पहिल्या कट्ट्याआधी शिक्क्याचं वीस किलोचं वजन पाट्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून दाखवतो. चारदा वीस आलं की मगच सुरुवात.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. सोयाबीनची आवक जोरात. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे बासष्ट कट्टे मोजायचे होते. सतरा झाले. अठरावा ठेवला तेव्हा आकडा जरा जास्त वाटला, म्हणून पाट्याखाली खडा अडकला आहे का ते बघायला मी वाकलो. खडा नव्हता. उभा राहिलो तर लाल आकडे पळायला लागले. डावीकडून उजवीकडे पळायचे आणि पुन्हा डावीकडून सुरू व्हायचे. मी खांब धरला. मिनिटाच्या आत सगळं थांबलं. खडा नक्की आहे असं वाटून मी पुन्हा वाकलो, पुन्हा उठलो. आकडे पुन्हा पळाले.

दुसरा कुणी असता तर खाली बसला असता, पाणी मागितलं असतं. पण एकवीस वर्षांत आकडा हलला की मी काट्याकडे बघत आलो आहे. स्वतःकडे बघायची सवयच नाही. मी मोठ्याने म्हणालो, "काटा खराब हाय. मोजणी बंद."

म्हातारा गोणपाटावर बसला होता, तो उठून आला. "मघाचे सतरा कट्टे मंग कशानं मोजले, मापाडी? काटा आत्ताच बिघडला व्हय?"

आजूबाजूचे वीस-पंचवीस शेतकरी जवळ सरकले. सकाळपासून ज्यांचा माल मोजून झाला होता तेही आले. आतून अडत्या आला. त्याने स्वतः वजन उचलून चारही कोपऱ्यांवर ठेवलं. वीस, वीस, वीस, वीस. मग सतरा कट्टे पुन्हा मोजावे लागले. एकूण फरक शंभर ग्रॅमचा, तेवढं सोयाबीन खाली सांडलेलं दिसत होतं.

म्हाताऱ्याने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काटा बराबर हाय. मंग हालून काय राहिलं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मापाडी हालून राहिला, मामा."

सगळे हसले. मीही हसलो. ती दुसरी चूक.

घरी आल्यावर मी एक कोरी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, आधी काय खाल्लं, काय करत होतो, किती वेळ टिकलं. मला कशाचा तरी संशय घ्यायचा होता आणि तो पुराव्याने घ्यायचा होता. पहिल्या आठवड्यात सहा नोंदी झाल्या. पहाटे अंथरुणातून उठताना तीन, चपला घालायला वाकताना एक, फळीवरचा डबा काढायला वर बघताना दोन. दर वेळी अर्धं ते पाऊण मिनिट घर फिरायचं. मध्ये उरलेला दिवसभर कापसाच्या गंजीवरून चालल्यासारखं वाटायचं. पाय पडतो तिथे जमीन आहे याची खात्री नाही.

मी आधी नव्या बोअरच्या पाण्यावर संशय घेतला. आठ दिवस शेजारच्या विहिरीचं पाणी प्यालो. नोंदी कमी झाल्या नाहीत. मग चहावर, मग वांग्यावर, मग रक्तदाबाच्या गोळीवर. गावातल्या डॉक्टरने अशक्तपणा सांगून सलाईन लावलं. दुसऱ्याने मानेचा फोटो काढला, मणक्यात गॅप आहे म्हणाला आणि गळ्यात पट्टा घातला. पट्ट्याने मान वर-खाली होईना, त्यामुळे नोंदी खरोखरच कमी झाल्या. पट्टा काढला की परत तेवढ्याच. तिसऱ्याने चक्कर थांबायची गोळी दिली. त्या गोळीने डोळ्यांवर झापड यायची आणि जीभ जड व्हायची. म्हणजे चालताना झोकांडी, बोलताना जडपणा आणि डोळे अर्धे मिटलेले. असा माणूस मोंढ्यात दिसला तर लोक काय समजतील, ते समजून घ्यायला मला मात्र तीन आठवडे लागले.

माझ्या ते लक्षात आलं अडत्यामुळे. तो आधी काही सांगायचं तर ओट्यावरून ओरडून सांगायचा. आता जवळ बोलावू लागला. "मापाडी, कान करा इकडं." कानात सांगायचा ते असं, की उद्या गाडी लवकर येणार आहे. त्यात कानात सांगण्यासारखं काय? चौथ्या वेळी मला दिसलं की बोलायच्या आधी तो श्वास आत ओढतो. तो माझ्या तोंडाचा वास घेत होता.

मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. आमच्या घरात वडिलांच्या काळापासून रविवारी विहारात वंदनेला जायची सवय आहे. पंचशील घेताना पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं असतं. ते म्हणून झालं की आम्ही गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकवून तीनदा वंदन करतो. एका रविवारी मी पहिल्यांदा टेकलो, उठलो आणि भिंत उजवीकडे निघून गेली. मी शेजारच्याच्या खांद्यावर पडलो. पाचव्या शीलाला पुरतं एक मिनिटही झालं नव्हतं.

एका बाईने लेकराला माझ्या बाजूने उचलून पलीकडे घेतलं. बाहेर चपला घालताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, "सकाळीच?" बाकी वाक्य त्याने गिळलं. मी मागेच उभा होतो.

त्यानंतर मी विहारात भिंतीला टेकून बसू लागलो. वंदनाला फक्त हात जोडायचो. मग त्याचाही अर्थ निघाला, की हा आता वाकतसुद्धा नाही.

दिवाळीनंतर अडत्याने मला ओट्यावर बसवून चहा दिला. "तुमच्यावर माझा पूरा भरवसा हाय," म्हणाला. असं कुणी म्हणालं की मी सावध होतो. "पण लोकं बोलून राहिले. तुमी थोडे दिवस कट्ट्यावर नंबर टाकायचं बघा. काट्यावर दुसरा बसंल. हळदीच्या टायमाला पाहू."

"काहून?" मी विचारलं.

"तकलीफ हाय ना तुमाला."

"काय तकलीफ हाय, ते तरी सांगा."

त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि दुसरीकडे बघितलं.

एकवीस वर्षं आकडा म्हणणारा माणूस ब्रश घेऊन कट्ट्यांवर नंबर टाकत बसला. हळद यायला तीन-साडेतीन महिने होते. तेव्हा काट्यावर परत बसलो नाही तर लोकांचं म्हणणं खरं ठरणार होतं, कायमचं. मग हा मापाडी काटा सोडून गेला असं कुणी म्हणणार नव्हतं. दारूपायी काढला, असंच म्हटलं जाणार होतं.

आणि घरात बायको. तिचं मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून तिचं शेवटी लिहितो आहे. मी घरी आलो की ती पाण्याचा तांब्या घेऊन दारातच यायची. पूर्वी तांब्या ओट्यावर ठेवलेला असायचा. मी पाणी पिऊन तांब्या परत देताना ती अगदी जवळ उभी राहायची. तिने श्वास आत ओढल्याची खात्री झाली त्या त्या दिवशी मी वहीच्या शेवटच्या पानावर रेघ ओढली होती; तीन झाल्या होत्या. तिला विचारलं नाही. विचारलं असतं आणि ती खोटं बोलली असती तर ते मला सहन झालं नसतं. खरं बोलली असती तरीही.

पौषात हिंगोलीला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. एकटाच. औंढ्यावरून जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून, डोळे समोरच्या पाठीवर ठेवून. डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. कानाचा कशाशी संबंध, मला ऐकू चांगलं येतं, असं मी त्यांना सांगितलं आणि वही पुढे ठेवली. एक्केचाळीस नोंदी होत्या. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या वाचल्या. आजवर कोणत्याच डॉक्टरने वाचल्या नव्हत्या, त्यामुळे मला बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "काका, पहाटे कोणत्या कुशीवरून उठता तेव्हा फिरतं?"

तो रकानाच नव्हता. वांगं किती खाल्लं ते होतं, चहा किती कप ते होतं. कूस नव्हती.

त्यांनी मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि काही कळायच्या आत धाडकन आडवं पाडलं, डोकं टेबलाच्या कडेखाली लोंबकळत. "डोळे मिटू नका. माझ्या नाकाकडे बघा." दोन क्षण काही नाही. मग अख्खं छत गरगर फिरायला लागलं. मी टेबलाची कड धरली. त्या शांतपणे माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या. मग मान डावीकडे, मग सगळं अंग डाव्या कुशीवर, तोंड जमिनीकडे, मग बसतं केलं.

म्हणाल्या, "आतल्या कानात तोल सांभाळणारा भाग असतो. तिथे चुन्यासारखे बारीक कण असतात. त्यातले काही जागेवरून सुटून नळीत गेलेत. मान हलली की ते घरंगळतात आणि मेंदूला वाटतं तुम्ही फिरताय. ते परत जागेवर ढकलायचे, बस."

"किती वजनाचे असतात?" मी विचारलं.

त्या हसल्या. "तुमच्या काट्यावर नाही दिसायचे, काका."

"मग रिपोर्ट?"

"रिपोर्ट कशाचा?"

"कण हायेत याचा."

"तुमच्या डोळ्यांची बुबुळं उड्या मारत होती. तोच रिपोर्ट."

माझे डोळे मला दिसले नव्हते. फोटो नाही, सुई नाही, गोळी नाही. उलट झापड आणणारी ती गोळी बंद करायला सांगितली. मान वळवून आडवं पाडणं आणि परत बसवणं, हे तर आमच्याकडे हाड बसवणारेही करतात. मला शंभर टक्के संशय होता. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. पाट्याखाली खडा अडकला की काटा चांगला असून आकडा चुकतो. मी खडा बघायला दोनदा वाकलो होतो.

नऊ दिवस एकही नोंद झाली नाही. मी रोज शून्य लिहीत होतो, पण शून्यावर माझा विश्वास बसत नव्हता. दहाव्या दिवशी पहाटे उजव्या कुशीवर वळलो आणि घर फिरलं. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं समाधानही वाटलं, की मला आधीपासून माहीत होतं.

पुन्हा गेलो. डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. "काहींना परत होतं. घरी करायला शिका. पण एकट्याने करू नका. कुणीतरी डोकं धरायला आणि डोळे बघायला पाहिजे. उद्या घरच्यांना घेऊन या."

घरचे म्हणजे बायको. ती आली. कोपऱ्यात उभी राहून तिने सगळं बघितलं, पण लांबून. डॉक्टरीणबाईंनी तिला मान कशी धरायची, किती वळवायची ते दाखवलं. दर वेळी तीस मोजायचे, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन ओसरीत आल्यावर तिने खाली सतरंजी घातली, खांद्याखाली येईल अशी उशी ठेवली, आणि म्हणाली, "बसा."

मी बसलो. तिने माझी मान दोन्ही हातांनी धरून उजवीकडे वळवली आणि मागे पाडलं. डोकं उशीपलीकडे गेलं. छत निघालं. तिचं तोंड माझ्या तोंडावर ओणवं होतं, आणि मला तेवढ्या गरगरण्यातही वाटलं, आता ही वास घेईल. म्हणून मी विचारलं. आडवा पडून, छत फिरत असताना विचारलं, कारण उभा असताना तीन महिने विचारता आलं नव्हतं.

"तांब्या घेऊन दारात काहून येतीस?"

ती थांबली नाही. तिचे हात जागेवर होते आणि डोळे माझ्या डोळ्यांवर. "वास घ्यायला," म्हणाली. "माझा बाप असाच झोकांड्या खात यायचा. न्हाई म्हणायचा, सप्पत खायचा. माय भरवसा ठेवायची. मी न्हाई ठेवला कुणावर." मग एकदम तिचा आवाज बदलला. "अवं, हे डोळे काय करून राहिले तुमचे!"

"काय करून राहिले?"

"उड्या मारून राहिले. एकाच अंगाला. झटका, झटका... बापाचे असे न्हाई पळत." आणि ती मोजायला लागली. "लाभ, दोन, तीन, चार..."

माझी बायको कधी मोंढ्यात बसलेली नाही. माझ्याकडून ऐकून ऐकून तिला तेवढंच मोजणं येत होतं. एकोणीसला म्हणाली, "थांबले." तरीही मोजत राहिली. तीसला मान डावीकडे वळवली आणि पुन्हा लाभपासून सुरुवात केली. सगळं करून मला बसतं केल्यावर मी भिंतीला टेकलो. तिने वही मागितली, नवा रकाना आखला आणि त्यात एकोणीस लिहिलं. तिचा आकडा माझ्यापेक्षा सरळ आला.

"शेवटचं पान नको बघू," मी म्हणालो.

तिने बघितलं. तीन रेघा मोजल्या. "पाच येळा घेतला मी," म्हणाली. "तुमची मोजणी कमी हाय."

अडत्याला तिनेच बोलावलं. मी नको म्हणत होतो. दोन दिवसांनी सकाळी तो आला आणि खुर्चीवर बसला. ती त्याला म्हणाली, "भाऊ, तुमी मोंढ्यात वजन ठेवून काटा तपासता ना? मंग हेबी तपासा. लांबून वास घेऊन काय कळतं?"

तो पार लाल झाला. तिने मला आडवं पाडलं आणि त्याला माझ्या डोक्याशी बसवलं. ती मोजत होती, तो वाकून बघत होता. मला तो उलटा दिसत होता, मिशा वर, कपाळ खाली, आणि तेही फिरत होतं. "अरे बापरे," एवढंच तो म्हणाला. चौदाला बुबुळं थांबली.

जाताना तो दारात उभा राहिला. "मापाडी, चुकलं माझं. पण एक सांगतो, राग मानू नका. डोळे थांबल्याबिगर काट्यावर न्हाई."

मला राग आला नाही. त्याच्या जागी मी तेच म्हटलं असतं. काटा खराब आहे, एवढं कळलं म्हणून कुणी त्यावर माल मोजत नाही.

पुढे तिचा रकाना असा गेला: चौदा, चौदा, अकरा, नऊ, मग एकदम सतरा, मग नऊ, चार, शून्य. शून्याच्या दिवशी मी तिला पुन्हा करायला लावलं. पुन्हा शून्य. मी म्हणालो, तू नीट बघितलं नसशील. ती म्हणाली, मग तुम्हीच बघा स्वतःचे डोळे. कापसावर चालणं मात्र लगेच गेलं नाही. ते अजून गर्दीत आणि अंधुक उजेडात कधीकधी येतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाईल. मी ते लिहून ठेवलं आहे, आणि गेल्यावर खूण करीन.

हळदीची आवक सुरू झाली त्या आठवड्यात मी काट्यावर बसलो. सकाळी वीस किलोचं वजन चारही कोपऱ्यांवर ठेवलं. पहिली गाडी त्याच म्हाताऱ्याची होती. कुणी मुद्दाम लावली की आपोआप आली, ते मी अजून शोधतो आहे.

"आज कोण बराबर हाय?" त्याने विचारलं. "काटा का मापाडी?"

"दोघंबी तपासून घ्या, मामा."

"वाका मंग. खडा बघा खाली."

हमाल थांबले. अडत्या ओट्यावर येऊन उभा राहिला. मी वाकलो, पाट्याखाली डोकं घातलं, उजवीकडे वळवलं, मुद्दाम वेळ घेतला. खडा नव्हता. उभा राहिलो, खांब धरला नाही. खांबावरचा आकडा शून्य होता आणि शून्यच राहिला. मी मनात दहापर्यंत मोजलं, कारण सुरुवातीचे दोन क्षण काही होत नाही, हे मला आता माहीत आहे. म्हातारा तोपर्यंत माझ्या तोंडाशी आला होता आणि त्याने उघडउघड, सगळ्यांसमोर, नाक पुढे करून वास घेतला.

"कांदा खाल्ला?" म्हणाला.

"व्हय. भाकरीसंगं."

"लई खाता." तो गोणपाटावर जाऊन बसला. "मोजा."

हमालांनी पहिला कट्टा ठेवला. आकडा थांबेपर्यंत मी थांबलो. मग नेहमीपेक्षा दोन क्षण जास्त थांबलो. ती सवय आता गेलेली नाही आणि घालवायचीही नाही.

"लाभ," मी म्हणालो.